अनसाबाईनं फोनला मराठी शिकवलं

अनसाबाईला फोन उचलता यायचा, बंद करता यायचा नाही. बोलणं संपलं की ती तो तसाच चुलीजवळच्या फळीवर ठेवून द्यायची आणि पलीकडचा माणूस बिचारा तिच्या घरातली भांडी, कोंबड्या नि नवऱ्याचा खोकला ऐकत बसायचा. खटकचिंचोळीच्या धनगर गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून पुढं याच बाईचा आवाज बीदर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत फोनवरून ऐकू यायला लागला, तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती अनसाबाईच.

तिचं माहेर निर्णा गावचं. वडील मेंढरं राखायचे. ती चालायला शिकली तीच कळपामागं. लग्न होऊन पिराप्पाच्या घरी आली तेव्हा तिथंही कळप होताच. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन निघायची, मांजरा नदीच्या काठानं उदगीरच्या बाजूला, आणि पावसाळा तोंडावर आला की परत. शाळेची पायरी ती चढली नव्हती. पण घरात मराठी, बाजारात कन्नड आणि लोकरीच्या व्यापाऱ्याशी दखनी उर्दू, असं तिचं तोंड तिन्हीकडं सारखंच चालायचं. आता कळप राहिला नव्हता. दारात थोड्या शेळ्या होत्या, मागं तुरीचं रान होतं आणि मुलगा सिद्धराम टेम्पो चालवायचा.

सिद्धरामची बायको मंगल देवणीची. म्हणजे सीमेच्या पलीकडची, महाराष्ट्रातली. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी तिचं कन्नड ‘जेवण झालं का’ विचारण्यापुढं सरकलं नव्हतं.

मंगलला दिवस गेले आणि घरात आनंद झाला. सिद्धरामनं त्या दिवशी भाड्याची फेरी सोडून भालकीहून पेढे आणले. पण हळूहळू अनसाबाईच्या लक्षात यायला लागलं की पोरगी काहीतरी निराळीच वागायलीय. आधी तिनं पपई सोडली, ते ठीक. मग वांगं सोडलं. मग शेंगदाणे. मग उजव्या कुशीवर झोपणं सोडलं. मग उंबऱ्यावर बसायचं सोडलं. दुपारी गोधडी डोक्यावरून घेऊन पडायची आणि आत फोनचा उजेड दिसायचा.

एकदा अनसाबाईनं गोधडी बाजूला सारली. मंगलचे डोळे लाल होते.

“कामून रडायलीस गं? सिध्या काय बोलला का?”

“न्हाई, आत्या.”

“मग? पोट दुखायलंय?”

मंगलनं फोन पुढं केला. पडद्यावर एक माणूस हातवारे करून सांगत होता की गरोदर बाईनं अमुक केलं तर बाळाचं असं होतं आणि तमुक केलं तर तसं. तो संपायच्या आत दुसरा सुरू झाला. दुसरा संपला की तिसरा. मंगल म्हणाली, “एक बघितला तर आपोआप दुसरा येतंय. बंद करावं म्हनलं तर वाटतंय, ह्यात काय महत्त्वाचं असलं नि मी बघितलं न्हाई तर? मला लई भ्या वाटायलंय, आत्या. झोपच लागंना.”

अनसाबाईनं फोन पालथा घातला. तिला राग आला होता, पण कुणावर ते कळेना. तिनं आपल्या परीनं समजूत घातली. “आमी रानात बाळंत झालो, काय झालं आमाला?” असं म्हणाली. मंगलनं मान हलवली आणि रात्री जेवली नाही. आपण बोललो त्याचा उलटाच परिणाम झाला, हे अनसाबाईला ताटाकडं बघूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी आशा कार्यकर्ती ज्योती गोळ्या द्यायला आली. सगळी गल्ली तिला ज्योतक्का म्हणायची, आणि ती अनसाबाईला अव्वा, म्हणजे आई. अनसाबाईनं तिला आत ओढलं नि सगळं सांगितलं. ज्योतक्का म्हणाली, “अव्वा, पोटुशी बाईला असं लई जणींला होतंय. ह्याच्यासाठी आता एक नवीन फोनची सेवा निघालीय. बीदरच्या एका संस्थेची हाय. मंगलचं नाव घालू का?”

“आनखी फोनच?” अनसाबाई म्हणाली.

“फोननंच बिगडलंय ना? मग फोननंच दुरुस्त करू.”

सेवेचं नाव होतं ‘तायी दनी’. मंगलला वाटलं ताई, म्हणजे मोठी बहीण. तिला ते बरं वाटलं, कारण तिला बहीण नव्हती. सिद्धराम हसला. “अगं, ते कन्नड हाय. तायी म्हंजे आई. आईचा आवाज.” मंगल म्हणाली, “असू दे, मला बहीणच पायजे.”

पहिला फोन दुपारी आला. एक बाई गोड आवाजात कन्नडमध्ये बोलत होती; बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं, पुन्हा लावता यायचं, मध्येच थांबवताही यायचं. मंगल कान देऊन ऐकत होती, कपाळाला आठ्या घालून. एखादा शब्द पकडायची, पुढचे सुटायचे. शेवटी तिनं हताश होऊन फोन खाली ठेवला. “आत्या, हे मला काय कळंना.”

अनसाबाई तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. “पुन्यांदा लाव बघू. मोठ्यानं लाव.”

फोनमधली कन्नड अनसाबाईच्या बाजारातल्या कन्नडसारखी नव्हती, शाळेतली, इस्त्री केल्यासारखी होती. पण तिला अर्थ लागला. एक वाक्य झालं की ती हात वर करायची, मंगल फोन थांबवायची, आणि अनसाबाई सांगायची.

“ती म्हनायलीय, आधी श्वास हळू घे. नाकानं घे, तोंडानं सोड, गरम च्या फुंकतो तसं. घेतलीस? बरं. आता पुढचं लाव.”

पुढचं वाक्य अवघड होतं. मनात आलेला विचार म्हणजे खरी घटना नव्हे, तो विचार समोर ठेवून तपासून पाहा, असं काहीतरी. अनसाबाईनं ते दोनदा ऐकलं आणि विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला.

“अगं, हे तर मेंढराचं हाय! रानात एक मेंढरू बुजलं की सगळं खांड पळत सुटतंय. आमी काय करायचो? त्यांच्या मागं पळायचो न्हाई. आधी बघायचो, कशाला बुजलं? खरंच लांडगा हाय, का बाभळीला अडकलेलं फडकं हलायलंय? लांडगा असंल तर काठी घ्यायची, मानसं बोलवायची. फडकं असंल तर हसायचं. तुझ्या मनात जे यायलंय ते आधी बघ, लांडगा हाय का फडकं हाय.”

मंगल हसली. महिनाभरात पहिल्यांदा. ती म्हणाली, “वांगं?”

“फडकं!”

“उंबरा?”

“फडकं!” आणि दोघी हसत सुटल्या, इतक्या की ओसरीवरचा पिराप्पा आत डोकावून गेला.

त्या दिवसापासून दुपारची वाट बघणं सुरू झालं. मंगलनं ते भीती घालणारे व्हिडिओ दिसणार नाहीत अशी व्यवस्था ज्योतक्काकडून फोनवर करून घेतली. आठवड्यातून एकदा फोनवर तीन चेहरे यायचे, हसरा, सपाट तोंडाचा आणि रडका. आज कसं वाटतंय त्यावर बोट ठेवायचं. रडक्यावर बोट ठेवलं की बीदरहून पल्लवी नावाच्या समुपदेशक बाईंचा फोन यायचा. पल्लवी मूळच्या कलबुर्गीच्या. त्यांचं मराठी मोडकं, पण मनापासूनचं होतं. “मंगल, भीती येते ते चूक नाही,” त्या म्हणायच्या. “एकटी ठेवते, मग ते जड होते. मला दे अर्धी.”

एका दुपारी फोनमधल्या बाईनं विचारलं, तुम्हाला भीती वाटते तेव्हा ती कुणाला सांगता?

अनसाबाईनं हात वर केला. मंगलनं फोन थांबवला. पण अनसाबाईचा हात तसाच वर राहिला.

“आत्या? काय म्हनली ती?”

“म्हनली, भ्या वाटल्यावर कुनाला सांगतीस.” तिनं हात खाली घेतला. “मला कुनी इचारलंच न्हाई गं आजवर.”

मग ती सांगू लागली. सिद्धराम पोटात असताना कळपाबरोबर मांजरेच्या काठी मुक्काम होता. पाय सुजले होते. आजूबाजूला घर नव्हतं, बाई नव्हती. आपण इथंच मरू आणि पोरगं मेंढरांत राहील, असं तिला रोज वाटायचं. दिवसभर ती कळपामागं ओरडायची, म्हणजे रडं आवाजात दडून जायचं. “आमी रानात बाळंत झालो, काय झालं आमाला, असं म्या तुला म्हनलं ना? खोटं बोलले, मंगल. लई झालं हुतं.”

मंगलनं तिचा हात घट्ट धरला. ओसरीवर खोकला थांबला होता. संध्याकाळी पिराप्पा शेळ्या बांधता बांधता म्हणाला, “तवा मला कामून सांगितलं न्हाईस?”

“तुमी कवा इचारलं?”

म्हातारा दावं खाली टाकून तिच्याजवळ येऊन बसला. “आता इचारायलो,” तो म्हणाला. अनसाबाईला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. पण त्या संध्याकाळी तिनं त्याला सगळं सांगितलं.

ही दुपारची बैठक गल्लीत लपून राहणं शक्यच नव्हतं. उदगीर, देवणी, निलंग्याकडून लग्न होऊन आलेल्या बऱ्याच पोरी होत्या, आणि कन्नड फोन त्यांनाही कळत नव्हता. एक आली, तिच्या मागून दुसरी. कुणी तूर निवडायला घ्यायची, कुणी नुसतीच भिंतीला टेकून बसायची. अनसाबाईला तर उत्साहाचं भरतं आलं होतं. ती आता बसून सांगायची नाही, उभी राहून हातवारे करून सांगायची. ज्योतक्कानं एकदा ते सगळं फोनमध्ये टिपून पल्लवींना पाठवलं.

पल्लवी पुढच्याच आठवड्यात गावात हजर झाल्या. येताना त्यांचा चेहरा आनंदी होता. पण बैठक संपल्यावर त्या अनसाबाईला बाजूला घेऊन बसल्या.

“अव्वा, तुमचं सांगणं फार छान. आमच्या रेकॉर्डिंगपेक्षा गोड. पण एक ठिकाणी तुम्ही आपलं घातलं.”

“काय घातलं?”

“बाळाची हालचाल कमी वाटली तर काय करायचं, ते. फोन म्हणतो, लगेच दवाखान्यात जा. तुम्ही म्हणालात, झोप काढ, सकाळी बघू.”

“आमी तसंच करायचो, बाई.”

“माहीत आहे. पण ती वेळ थांबायची नाही, अव्वा. ते फडकं नाही. तो लांडगा असू शकतो.”

अनसाबाईचं तोंड उतरलं. इतक्या पोरींपुढं आपण चुकीचं सांगितलं, हे तिला फार लागलं. दुसऱ्या दुपारी तिनं सगळ्यांना बसवलं आणि सूप हातात न घेता सांगितलं, “मागच्या खेपेला म्या चुकीचं सांगितलं. बाळ हलंना, कमी हलायलंय असं वाटलं तर थांबायचं न्हाई. सासू थांब म्हनली तरी न्हाई. मी थांब म्हनले तरी न्हाई.”

आणि ते तिला स्वतःलाच करायची वेळ आली. मंगलला आठवा लागला होता. एका दुपारी ती कपडे वाळत घालता घालता थांबली. पोटावर हात ठेवून उभी राहिली. “आत्या, सकाळपासनं बाळ नेहमीसारखं हलंना.”

अनसाबाईच्या तोंडात जुनं वाक्य आलंच होतं. जरा पड, गार पाणी पी, बघू. तिनं ते गिळलं. “सिध्याला फोन लाव!” ती ओरडली. “निगायचं. आताच निगायचं!”

मंगलनं सिद्धरामला फोन लावला आणि मग पल्लवींनाही. पल्लवी म्हणाल्या, “बरोबर केलं. निघा. मी लाइनवर आहे.” टेम्पो भालकीच्या रस्त्याला लागला. पुढच्या सीटवर मंगल मध्ये, अनसाबाई तिला धरून. फोनमधून पल्लवींचा आवाज येत होता, आणि अनसाबाई त्यांच्याबरोबर म्हणत होती, “नाकानं घे. तोंडानं सोड. च्या फुंक, माय, च्या फुंक.” सिद्धराम गाडी चालवता चालवता तसाच श्वास घ्यायला लागला होता, हे त्याला कळलंही नाही.

दवाखान्यात नर्सबाईनं मंगलच्या पोटावर एक लहानसं यंत्र ठेवलं. आधी नुसता खरखराट. मंगलनं डोळे मिटले होते. मग एकदम आवाज आला. धडक धडक धडक धडक, जोरात, घाईघाईनं, थांबायचं नावच नाही.

“हे काय?” अनसाबाईनं विचारलं.

“बाळाचं काळीज,” नर्सबाई म्हणाली.

“घोडं पळायलंय की आत!” अनसाबाई इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाहेर बसलेल्या बायका उठून बघायला लागल्या. मंगल रडत होती आणि हसत होती. डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि जाताना मंगलला सांगितलं, “पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. उगाच आलो असं कधी वाटू देऊ नका.”

त्यानंतर पल्लवींनी जे विचारलं त्यानं घर हादरलंच. संस्थेला ‘तायी दनी’ मराठीत करायची होती, औरादपासून हुलसूरपर्यंतच्या मराठी पोरींसाठी. आवाज अनसाबाईचा हवा होता. मजकूर डॉक्टर तपासून देतील, सांगायचं मात्र तिनं आपल्या बोलीत.

“मला वाचाया येत न्हाई,” अनसाबाई म्हणाली.

“मी वाचते, आत्या,” मंगल म्हणाली. “तुमी बोला.”

तर अशा दोघी बीदरला गेल्या. पोटुशी सून, ठेवणीतलं इरकल नेसलेली सासू आणि मागं डबा घेतलेला सिद्धराम. रेकॉर्डिंग करणारा धम्मानंद बसवकल्याणचा होता, मराठी बोलणारा. खोलीच्या भिंतींना सगळीकडं मऊ गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. अनसाबाई माइकसमोर बसली आणि पहिलं वाक्य असं काही खणखणीत म्हणाली की धम्मानंदनं कानावरचं यंत्र काढून फेकलं.

“अक्का, मी हितंच हाय. वढ्याच्या पलीकडं न्हाई!”

“आयुष्यभर मेंढराला हाका मारल्या, बाबा. बारीक बोलायची सवय न्हाई.”

“मग माझ्याशी बोलू नका. सुनंशी बोला.”

मंगल समोर खुर्चीवर बसली. तिनं कागदावरचं वाक्य हळूच वाचलं आणि अनसाबाईनं तिच्याकडं बघत ते आपल्या शब्दांत सांगितलं. आवाज आपोआप खाली आला, दुपारच्या बैठकीतला झाला. धम्मानंद काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. हालचालीबद्दलचा मजकूर आला तेव्हा मात्र अनसाबाईनं थांबवलं. “हे मला मोठ्यानं म्हनू दे. हे मोठ्यानंच पायजे.” पल्लवी मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणा.”

मराठी सेवा सुरू झाली त्या दिवशी गल्लीतले फोन एकामागून एक वाजले. बायका दारातून ओरडत होत्या, “अनसाबाई, माझ्या घरात पन तुमीच!” पोरं या घरातून त्या घरात पळत होती. पिराप्पानं सिद्धरामचा फोन कानाला लावला, बायकोचा आवाज ऐकला आणि म्हणाला, “घरात तर येवढं गोड बोलत न्हाई.” मग तो फोन घेऊन देवळाच्या पारावर गेला आणि भेटेल त्याला ऐकवत सुटला. हुलसूरहून कुणाची तरी सासू फोन करून म्हणाली, माझी सून तुमचं ऐकती, माझं न्हाई. अनसाबाई म्हणाली, “तिच्याजवळ बसून दोघी मिळून ऐका.”

मंगलच्या कळा सुरू झाल्या तेव्हा पहाट झाली होती. भालकीच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि अनसाबाई बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक कोवळी पोर आईचा पदर मुठीत धरून बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

“कुठली गं तू?” अनसाबाईनं विचारलं. “भ्या वाटायलंय का?”

पोरीनं झटकन मान वर केली. तिच्याकडं बघतच राहिली. “तुमी… तुमी बोला की आनखी काय तरी.”

“काय बोलू?”

“आई! ह्याच त्या! फोनमधल्या!” पोरगी जवळजवळ ओरडलीच. बाकावरच्या बायका वळल्या. अनसाबाईला एकदम लाज वाटली. तिनं पदर सावरला, मग पोरीच्या जवळ सरकली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. “बरं, ऐक. मला बी लई भ्या वाटायलंय, माझी सून आत हाय. चल, दोघी मिळून श्वास घेऊ.” त्या दोघी श्वास घेऊ लागल्या, पोरीची आई घेऊ लागली, आणि बघता बघता सगळा बाक एका लयीत फुंकायला लागला.

आतून नर्सबाई बाहेर आली. “मंगलचे कोण?”

अनसाबाई उठली. कोवळ्या पोरीनं तिचा हात सोडला नाही, तशीच ती तिच्याबरोबर उठली.

“मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.”

सिद्धरामनं तिथंच पल्लवींना फोन लावला आणि आईच्या कानाला धरला. पल्लवी पलीकडं जवळजवळ नाचत असाव्यात, असा आवाज येत होता. शुभेच्छा देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “अव्वा, आता बाळंतिणीच्या मनासाठी नवीन भाग करायचे आहेत. कधी याल?”

“आत्ता न्हाई,” अनसाबाई म्हणाली. “आधी नातीला बघू द्या. सून उठून बसू द्या, तिला काय वाटायलंय ते तिलाच इचारते. मग आमी तिघी येतो.”

आणि फोन सिद्धरामच्या हातात तसाच सोडून ती आत गेली.